उशिराची उतरण

३ फेब्रुवारी

— पंखांवरच्या वेग तोडणाऱ्या फळ्या पूर्ण उभ्या केल्या, चाकं वेळेआधीच सोडली, तरी विमान बसेना. खाली येत होतं, पण वेग सोडत नव्हतं. सगळं थरथरत होतं. धावपट्टी दिसत होती — नाकाच्या फार खाली, जिथे असू नये तिथे. मी मनात म्हणत होते, बसेल, बसेल. हजार फुटांपर्यंत वेग आणि उंची जागेवर बसली नाही, तर उतरायचं नाही, वर जायचं — हा नियम. हजार फुटांवर उजवीकडून एकच शब्द आला.

"वर."

गेलो वर. पूर्ण जोर, नाक उंच, चाकं आत. मागे दीडशे माणसं खुर्च्यांत दाबली गेली. मोठा वळसा घालून पुन्हा आलो, उतरलो. कुणाला काही झालं नाही. मला झालं.

नीट लिहून ठेवते.

आम्हाला बराच वेळ वरच ठेवलं होतं. खाली सोडा म्हणून मागत होतो, "थांबा" येत होतं. मग एकदम — उतरा, सरळ या, तुम्ही पहिले! रेडिओ उजव्या खुर्चीचा, निर्णय डाव्या खुर्चीचा. उजवीकडे परीक्षक होते. ते विमानात कामाशिवाय एक अक्षर बोलत नाहीत, म्हणून सगळे त्यांना मौनीबाबा म्हणतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. लगेच! आधी मान हलली, मग डोकं. डोक्याने हिशोब केला तेव्हा कळलं, एवढ्या उंचीला एवढं अंतर पुरणारच नव्हतं. त्यात वारा पाठीवर.

उजव्या खुर्चीत, को-पायलट म्हणून, बारा वर्षं हेच काम केलं. जमिनीवरून विमानांची वाट ठरवणाऱ्या कंट्रोलरने जे सांगितलं ते जसंच्या तसं परत म्हणायचं, म्हणजे ऐकलं हे त्याला कळतं. आता डावीकडे बसवलं, तरी मान तीच राहिली.

नंतर ऑफिसात मौनीबाबांनी तोंड उघडलं.

"विमान कोणाचं होतं?"

"माझं, सर."

"मग कंट्रोलरला का देऊन टाकलंत?"



मार्चमध्ये शेवटची तपासणी. त्यात जमलं तर कॅप्टन. नाही जमलं तर उजवी खुर्ची, कायमची. आमच्याकडे तिसऱ्यांदा विचारत नाहीत.

आणि "उतरा, सरळ या" म्हणणारा तो आवाज! माझी सख्खी नणंद.


४ फेब्रुवारी

नणंद जेवायला आली. चपला काढायच्या आत सुरू.

"वहिनी, काल शेवटच्या क्षणी वर काय गेलीस! मागची अख्खी रांग मोडली माझी."

"मला वर कोणी लटकवलं होतं, नणंदबाई?"

"खालून विमानं सुटत होती. त्यांच्या डोक्यावर टाकू का तुला?"

"मग आधी सांगायचं."

"मग आधी नाही म्हणायचं!"

नवरा मजेत जेवत होता. तो गेली आठ वर्षं कॅप्टन आहे. कितीही वरून सोडा, तो विमान खाली आणून बसवतो. कंपनीत त्याला लिफ्ट म्हणतात. तो पाण्याचा घोट घेऊन म्हणाला, "मी असतो तर बसवलं असतं."



सासूबाई म्हणाल्या, "विमानं दाराबाहेर ठेवा. इथे माणसं जेवतायत."


५ फेब्रुवारी

मी असतो तर बसवलं असतं. दिवसभर कानात हेच.


९ फेब्रुवारी

सुट्टी. खिडकीशी बसून वहीत आकडे मांडले. उंची हजार फुटांत मोजून तिनाने गुणली की उतरायला लागणारे मैल मिळतात — हे पहिल्या वर्षी शिकवतात. कुणालाही येतं. मलाही येतं. प्रश्न गणिताचा नाही.

गच्च भरलेल्या बॅगेसारखं असतं ते. एका बाजूने दाबलं की दुसरी बाजू फुगते. उंची दाबायला गेलं की वेग फुगतो. वेग दाबायला गेलं की उंची तशीच. दोन्ही एकदम दाबता येत नाहीत. दोन्हींना लागतं ते अंतर. आणि अंतर कंट्रोलरकडे असतं. मागावं लागतं.

मागणं! खरी गोष्ट तिथे आहे. रेडिओवर त्यासाठी एक शब्द आहे — अनेबल. जमणार नाही. पुस्तकात आहे, सगळ्यांना पाठ आहे. पण तो शब्द त्या वेळी हवेत असलेले सगळे ऐकतात. आपल्या पुढचे, मागचे, धावपट्टीकडे तोंड करून थांबलेले. सगळ्यांना कळतं, हिला जमत नाहीये.

बारा वर्षांत मी तो शब्द किती वेळा ऐकला? फार नाही. म्हणणाऱ्यांना आम्ही मागून काय म्हणायचो, ते लिहीत नाही.


१० फेब्रुवारी

नवऱ्याला विचारलं, "तू कधी अनेबल म्हटलायस?"

"वेळच नाही आली."

"आली नाही, की येऊ दिली नाहीस?"

"तू तपासणीची तयारी कर. माझी झालीय."


१४ फेब्रुवारी

नणंदेने रीतसर परवानगी काढून मला रडारच्या खोलीत नेलं. इतकी वर्षं हवेत काढली आणि ही खोली आज पाहिली — लाज वाटली.

अर्धा अंधार. थंडगार. पडद्यांचा हिरवट उजेड माणसांच्या हनुवटीवर. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर एकेक स्वेटर, खुर्चीच्या मालकाच्या आकाराचा झालेला. कडेच्या टेबलावर चहाचे कप, आणि एका कपावर चिकटपट्टी — "हा माझा आहे. खरंच."

घरी वाद घालणारी माझी नणंद खुर्चीत बसली आणि वेगळीच बाई झाली. पाठ ताठ. आवाज सपाट. एकाला वळव, एकाला थांबव, एकाला खाली घे. ठिपक्यांच्या दोन रांगा — एक येणारी, एक जाणारी. जाणारी रांग बरोबर तिथून वर चढते जिथून आम्ही खाली येऊ पाहतो. म्हणून आम्ही लटकतो. कुणी मुद्दाम लटकवत नाही! मला वाटायचं, आपण विसरलो गेलो असू.

पाहता पाहता एका विमानाला तिने तेच दिलं. उतरा, सरळ या. आणि स्पीकरमधून आवाज आला — "अनेबल. अजून अंतर हवं."

 आता काय होणार!

नणंद म्हणाली, "समजलं. डावीकडे वळा." आणि चहाचा घोट घेतला.

"एवढंच?" मी विचारलं.

"मग काय करू, रुसू?"

"राग नाही आला?"

"वहिनी, मला हो नको असतं, मला खरं हवं असतं. आत्ता नाही म्हटलं, माझ्याकडे दहा जागा आहेत त्याला ठेवायला. हो म्हणून शेवटी वर गेला, तर एकही नाही."

मग हळूच, मान न वळवता, "दादा मात्र नाही म्हणतच नाही. म्हणून अवघड असेल ते आम्ही त्याला देतो. सगळेच देतात."

ती कौतुकाने म्हणाली. मी ठिपक्यांकडे बघत राहिले.


१५ फेब्रुवारी

नवऱ्याला सांगितलं. खूश झाला. "बघ. भरवसा आहे त्यांचा."

भरवसा की सोय? विचारलं नाही. सकाळी त्याला लवकर निघायचं होतं.


२१ फेब्रुवारी

सराव चालू आहे. विमानात नव्हे, घरात!

ठरवलंय, कुणीही काहीही मागितलं की आधी थांबायचं. हिशोब करायचा. मगच मान.

सासूबाई म्हणाल्या, "येताना दूध आणतेस का?"

मी थांबले. दुकान बंद व्हायची वेळ, माझी सुटण्याची वेळ, रस्त्यावरची गर्दी —

"अगं, बहिरी झालीस की काय?"

"आणते."

"दुधाला एवढा विचार! आम्ही लग्नाला एवढा केला नव्हता."


२३ फेब्रुवारी

आज पहिलं यश. नवरा बूट घालता घालता म्हणाला, "रविवारी माझी बॅच जेवायला येतेय. आठ जण. चालेल ना?"

पूर्वी ही मान आपोआप हलायची. आज हलली नाही. रविवारी मी संध्याकाळी उतरणार, सोमवारी पहाटे पुन्हा उड्डाण.

"जमणार नाही," मी म्हणाले.

बुटाची नाडी त्याच्या हातातच राहिली. "म्हणजे?"

"म्हणजे अंतर कमी आहे. पुढचा रविवार दे."

तो आईकडे वळून म्हणाला, "घरात पण अनेबल!"

सासूबाई पेपर वाचत होत्या. पेपरामागून म्हणाल्या, "हे असं म्हणता येतं? चाळीस वर्षांत मला कुणी सांगितलं नाही." आणि पेपर हलायला लागला. हसत होत्या.

आणि काय झालं? काही नाही! पुढचा रविवार ठरला. आभाळ जागच्या जागी आहे.


२६ फेब्रुवारी

उड्डाणात दोनदा वर ठेवलं. दोन्ही वेळा मान थांबली, हिशोब केला, अंतर पुरत होतं. हो म्हटलं. उतरले.

हे लिहून ठेवायला हवं — दर वेळी नाही म्हणणं हाही आळसच. हिशोब करून हो म्हणण्यात वेगळी चव आहे.


२ मार्च

उद्या. गणवेश इस्त्री केला. नवरा म्हणाला, "घाबरू नकोस. हात सैल ठेव." चांगल्या मनाने म्हणाला. उद्या त्याचंही उड्डाण आहे, दुसऱ्या गावाला. साधारण एकाच वेळी परत येणार आम्ही.

नणंदेचा निरोप — "उद्या दुपारी खुर्चीत मीच आहे. ओळख दाखवणार नाही."

मी कळवलं, "दाखवू नकोसच."


३ मार्च

झालं!! पण क्रमाने लिहिते. हे मला म्हातारपणी वाचायचं आहे.

जातानाचं सगळं शांत. मौनीबाबा उजवीकडे, नेहमीसारखे. परत येताना वारा पाठीवर, अंदाजापेक्षा जास्त. उतरायला सुरुवात करायची वेळ आली, मागितलं. "थांबा." पुन्हा मागितलं. "थांबा, खाली विमानं आहेत." नणंदेचा तो सपाट आवाज. मला डोळ्यांसमोर तिची रांग दिसत होती, वर चढणारे ठिपके. राग आला नाही. फक्त थांबण्याच्या प्रत्येक मिनिटाला माझ्या बॅगेत आणखी कपडे कोंबले जात होते, हे समजत होतं. वेग आधीच कमी करून ठेवला. तेवढंच हातात होतं.

मग आलं. तेच. जसंच्या तसं. "उतरा, सरळ या, तुम्ही पहिले."

मौनीबाबांनी माझ्याकडे पाहिलं.

मान हलू पाहत होती. खरंच! मानेतली ती शीर मला कळली. मी ती धरून ठेवली आणि आकड्यांकडे पाहिलं. उंची गुणिले तीन. त्यात वारा. समोर उरलेले मैल. पुरत नव्हते. थोडेथोडके नाही, चांगले दहा मैल कमी.

एक मोह झाला. फळ्या उभ्या करू, चाकं सोडू, बसेल — लिफ्टची बायको आहे मी. हा मोह किती वेळ टिकला, सांगता येणार नाही. एका श्वासाइतका असेल.

"अनेबल," मी म्हणाले. "अंतर मागा."

मौनीबाबांनी मागितलं. त्यांच्या आवाजावरून काहीच कळलं नाही.

रेडिओवर शांतता. फार तर दोन सेकंद. त्या शांततेत सगळं आकाश ऐकत होतं.

"समजलं," नणंद म्हणाली. "डावीकडे वळा, उतरत राहा. तुम्ही दुसरे."

एवढंच!

वळले. आणि माझी मोकळी झालेली पहिली जागा तिने पलीकडून येणाऱ्या विमानाला दिली. तेही वर लटकलेलं, आमच्याइतकंच. त्याच्या को-पायलटने लगेच परत म्हटलं — उतरतो, सरळ येतो. विमानाचा नंबर मला पाठ होता. नवऱ्याचं विमान.

वळणावरून ते दिसलं. नाक खाली, फळ्या उभ्या, चाकं केव्हाची सोडलेली. दगडासारखं खाली जात होतं. माझ्या आतलं काहीतरी त्याच्याबरोबर गेलं. मग मी तिकडे बघायचं सोडलं. माझं विमान माझ्याकडे होतं.

मैल आले तशी बॅग रिकामी होत गेली. वेग आपल्या जागी. उंची आपल्या जागी. पंखांच्या मागचे पडदे, म्हणजे फ्लॅप, एकेक टप्प्याने उघडले, चाकं त्यांच्या वेळेला खाली. दोन हजार फुटांवरच सगळं बसलेलं होतं. हजारावर करण्यासारखं काही उरलं नव्हतं. असं कधी झालं नव्हतं माझ्या हातून — इतकं निवांत! धावपट्टी नाकासमोर, जिथे असायला हवी तिथे, आणि ती हळूहळू मोठी होत आली. चाकं टेकली ते मला आवाजावरून कळलं. मागे कुणीतरी लहान मूल बोलत होतं, त्याचं बोलणंही थांबलं नाही.

इंजिनं बंद केली. मौनीबाबांनी पट्टा सोडला, चष्मा पुसला. मला राहवेना.

"सर, त्या वळशाबद्दल काही विचारायचं नाही?"

"त्यात विचारण्यासारखं काय आहे?"

 मग उठता उठता म्हणाले, "खुर्ची थोडी पुढे घेत जा. उद्यापासून तुमचीच आहे."

 "थँक्यू सर" म्हटलं असावं. ते दारापर्यंत गेले आणि वळले. "इतक्या वर्षांत मी असं शांत उतरणं मोजकं पाहिलंय." हे एवढं मोठं वाक्य! विमानात! कुणाला सांगितलं तर विश्वास बसणार नाही.

बाहेर आले. पायऱ्यांवर उभी राहिले. ऊन होतं, इंधनाचा वास होता, सामानाच्या गाड्या जात होत्या. एक जण ओरडला, "मॅडम, बाजूला!" कॅप्टन, मी मनात म्हटलं. कॅप्टन, बाजूला.

नणंदेचा फोन, ड्यूटी संपताच. "वहिनी! पूर्ण खोली ऐकत होती. तू नाही म्हटलंस तेव्हा शेजारच्याने शाबासकीचा अंगठा वर केला."

"तू दोन सेकंद गप्प का झालीस?"

"जागा शोधत होते गं. शिवाय जरा खूश झाले होते."

घरी आले. सासूबाईंना सांगितलं. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, आत गेल्या, आणि त्यांची चांगली साडी नेसून बाहेर आल्या. घरातच! म्हणाल्या, "कॅप्टनबरोबर जेवायचंय आज."

नणंदही थेट जेवायलाच आली. नवरा बराच उशिरा आला. ब्रेक तापले होते, ते गार होईपर्यंत विमान हलवता येत नव्हतं, पुढचं उड्डाण रखडलं. मला जवळ घेतलं, मनापासून. "कॅप्टन!" म्हणाला. मग बूट काढता काढता, "पण उतरलो आधी मीच."

सासूबाई म्हणाल्या, "हो का? मग ही तुझ्या आधी घरी कशी?"

नणंद हसून लोळायची बाकी होती. तोही हसला. पण थोडं उशिरा.

जेवताना मी सहज विचारलं, "हजारावर बसलं होतं ना?"

"बसलं."

"वेग?"

"बसलं म्हटलं ना."

 आम्ही खूप हसलो आज, मौनीबाबांच्या लांब वाक्यावर, मानेतल्या शिरेवर. तोही मध्ये मध्ये हसत होता. ताटात मात्र बरंच तसंच होतं त्याच्या.

मी कॅप्टन आहे. पुन्हा लिहिते. मी कॅप्टन आहे.


४ मार्च

सकाळी नवऱ्याने मौनीबाबांना फोन केला. मी गणवेश घालून तिथेच उभी होते. तो म्हणाला, "सर, काल हजार फुटांवर माझं विमान बसलेलं नव्हतं. वर जायला हवं होतं. गेलो नाही." पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही. फार थोडं असावं. नवी तपासणी होईपर्यंत त्याला उड्डाण नाही.

माझं पहिलं विमान साडेदहाचं होतं. विमानतळावर त्यानेच सोडलं.